टेलस्टॉकवरचं कुंकू

लेकीबाळींच्या घरी वाकडं-फुटकं काही देऊ नये, असं आमच्याकडे मानतात. तूर द्यायची तर पाखडून द्यावी, साडी द्यायची तर फॉल लावून द्यावी. मला बहिणीच्या घरी लेथ मशीन द्यायची होती, म्हणून मी ती तपासायला घेतली. कारण एवढंच होतं. कोणाचा संशय वगैरे मला नव्हता. तेवढी अक्कल असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

आमचं घर देवळीचं, पिढीजात किराणा दुकानाचं. मी आयटीआयमधून टर्नरचं शिकून आलो होतो आणि दुकानात बसून साखर तोलायची मला मनापासून चीड होती. नव्वद सालानंतर लगेचच हिंगणघाटच्या एका मिलने आपल्या वर्कशॉपमधली जुनी यंत्रं विकायला काढली. तेव्हा वडिलांच्या मागे लागून, रुसून, जेवण टाकून मी त्यातली एक लेथ मिळवली. ती ट्रकमधून उतरवायला अर्धी गल्ली जमली होती. "दुकानदाराचं पोरगं आता लोखंड सोलते म्हन्ते," असं वडील येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत. सूर तक्रारीचा असायचा, पण सांगताना मिशीत हसत. घरामागच्या टिनाच्या छपरीत मशीन बसली आणि मी साखरेच्या तराजूतून सुटलो.

ज्यांनी लेथ पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही लोखंड गोल कापायची मशीन. डाव्या टोकाला तिचं डोकं असतं, ते जॉब, म्हणजे कापायचं लोखंड, चकच्या जबड्यात धरून फिरवतं. उजव्या टोकाला टेलस्टॉक असतो, तो फिरत नाही. दांडा लांब असला की त्याचं मागचं टोक झुलू नये म्हणून टेलस्टॉक त्याला टोकदार सेंटरचा टेकू देतो. डोक्याचं सेंटर आणि टेलस्टॉकचं सेंटर एका रेषेत पाहिजे, बाजूला सरकलेलं नको आणि वर-खाली तर नकोच. ते चुकलं की टेपर येतो, म्हणजे दांडा एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक उतरतो, भोकं फाकतात, आणि शिव्या खातो तो चालवणारा. माझा टेलस्टॉक मिलमधून आला तेव्हाच केसभर खाली बसत होता. त्याचे दोन भाग असतात, खालची बैठक आणि वरचं धड. त्या दोघांच्या मध्ये मी पितळेची पातळ पत्री कापून घातली, काढून घासली, परत घातली, आणि शेवटी दोन्ही टोकं अशी जुळवली की त्यांच्यामध्ये धरलेलं दाढीचं पातं ताठ उभं राहायचं. ते पातं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. कोणाला काही कळायचं नाही, पण चहा पिऊन जायचे.

दसऱ्याला आई मशीनची पूजा करायची. बाकीचे लोक मशीनच्या डोक्यावर स्वस्तिक काढतात. आईला ते पटायचं नाही. "फिरत्या वस्तूले कुंकू लावू नाई, उडून जाते," असं तिचं म्हणणं. म्हणून ती टेलस्टॉकच्या मागच्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूला, आधी हळद आणि वर कुंकू असे पाच ठिपके एका ओळीत लावायची. देवाचं कुंकू पुसायचं नाही, हाही तिचाच कायदा. दर वर्षीचे ठिपके आदल्या वर्षीच्या ठिपक्यांवर बसत गेले, त्यात तेल मुरलं, लोखंडाचा चुरा मुरला, आणि तिथे लाखेसारखा टणक थर झाला. माझी धाकटी बहीण तेव्हा शाळेत होती, ती ताट घेऊन उभी राहायची. आई गेल्यावर पूजा तिच्याकडे आली. आईचे पाचही ठिपके सारखे असायचे. ही मधला ठिपका अंगठ्याने लावायची, तो इतरांपेक्षा मोठा व्हायचा. का विचारलं तर म्हणायची, "तो नवरदेव हाय."

तिचा नवरदेवही मशीनमुळेच आला. त्याच मिलमधून, त्याच बनावटीची दुसरी लेथ हिंगणघाटच्या एका तरुणाने घेतली होती. माझी मशीन कशी बसवली आहे ते बघायला तो देवळीला आला, पातं बघितलं, चहा घेऊन आलेली बहीणही बघितली. मशीन बघायला आला आणि पोरगी बघून गेला, असं आमच्या गल्लीत पुढे बरेच दिवस चाललं होतं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण आमचा ग्रह मला भारी आवडला होता. त्याच्याशी बोलता येत होतं. दुकानाच्या घरात मला टूलची धार, चकचे जबडे, कटिंगचा आवाज यांवर बोलायला दुसरं होतं कोण? लग्नानंतर मी त्यांना जवाईबुवा म्हणायला लागलो आणि ते बहिणीसारखं मला दादा म्हणायला लागले. त्यांची मशीन माझ्यापेक्षा जास्त झिजलेली होती, त्यातून टेलस्टॉक तर पार गेलेला. ते आले की माझ्या टेलस्टॉकवर थाप मारून म्हणायचे, "दादा, हा मले आंदनात द्याले पाह्यजे होता तुमी." आम्ही सगळे हसायचो.

दोन हजार सालाच्या जरा मागे-पुढे मला कावीळ झाली, तीही साधी नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होतो. बायको माझ्याजवळ, वडील तोवर गेलेले. घराची किल्ली कोणाकडे द्यायची हा प्रश्नच नव्हता. बहीण-जावई येऊन राहिले, झाडांना पाणी घातलं, दुकानाकडे लक्ष ठेवलं. मधे दसरा येऊन गेला. मी घरी आलो तेव्हा भिंत धरून चालत होतो. तसाच आधी छपरीत गेलो, आणि बघतो तर मशीन नवरीसारखी नटलेली. पायापासून डोक्यापर्यंत घासून, पुसून, हिरवा रंग मारून ठेवलेली. मागे वळसा घालून पाहिलं तर टेलस्टॉकवर आईच्या कुंकवाची जागा तेवढी सोडून भोवताली रंग दिला होता. मला रडू आलं. आजारपणात माणूस हळवा होतो हे खरं, पण मी धडधाकट असतो तरी रडलो असतो.

"पूजा मी केली रे दादा," बहीण म्हणाली.

बायको मात्र मशीनकडे बघून नाक उडवून म्हणाली, "फुकटात कोनी पानी पाजत नाई, अन् हे रंग मारून गेले." मी तिच्यावर असा काही ओरडलो की ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

कामाला लागलो आणि हात बिघडल्याचं कळायला लागलं. मोटरपंपाचा शाफ्ट केला तर एका टोकाला बारीक. बुशमध्ये ड्रिल मारलं तर भोक तोंडाशी फाकलेलं. टेलस्टॉक बाजूने सरकवून टेपर काढायचा, एक जॉब बरा निघायचा, दुसऱ्याला परत तेच. उंची तर मीच पातं लावून जुळवलेली, ती परत तपासायचं मनातही आलं नाही. मला वाटलं, अशक्तपणा आहे, जाईल. मग वाटलं, औषधांनी हात कापतो. देवळीचा एक रसवंतीवाला वर्षानुवर्षं माझ्याकडून चरकाचे रोल करून न्यायचा. त्याने मी केलेला रोल परत आणून छपरीत ठेवला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "भाऊ, आराम करा अजून." आंजीहून भाजीवाले पंपाची कामं घेऊन यायचे, ते हळूहळू यायचे बंद झाले. बाजारात एखादा समोर दिसला तर तब्येत कशी आहे एवढंच विचारायचा.

या सगळ्यात माझी विचारपूस करणारे एकच होते, जावई. ते दर महिन्याला यायचे. माझा बिघडलेला जॉब हातात घेऊन फिरवून बघायचे, तोंडाने च्यक् च्यक् करायचे. एकदा म्हणाले, "दादा, राग नका मानू, डोळे तपासून घ्या. काविळीनं नजर जाते." मी वर्ध्याला जाऊन चष्मा करून आणला. तो नाकावरून घसरायचा, घामाने ओला व्हायचा, त्यावर लोखंडाचा चुरा बसायचा. टेपर जिथल्या तिथे. मग ते म्हणाले, "लांब जॉब माह्याकडे पाठवत जा. तुमचं नाव खराब होऊन राह्यलं, मले पाहवत नाई." मी पाठवत गेलो. ते काम चोख करायचे, आणि गिऱ्हाइकं परस्पर तिकडेच जायला लागली. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. बहिणीचं घर भरतंय म्हटल्यावर वाईट वाटून कसं घेणार? वाईट वाटायचं ते माझ्या हाताचं. चाळिशीही आली नव्हती आणि माझा हात गेला होता. सकाळी छपरीचं कुलूप काढायला पाऊल उचलत नसे. ज्या दुकानातून पळून आलो होतो त्याच दुकानात मी जाऊन बसायला लागलो आणि परत साखर तोलायला लागलो. मधल्या दसऱ्याला मशीनची पूजाही झाली नाही.

असाच काही काळ गेल्यावर जावई म्हणाले, "काऊन ठेवून राह्यले मशीन, दादा? मलेच देऊन टाका. येत्या दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊन जातो. घरची वस्तू घरातच राहीन." मी हो म्हणालो. आणि मग तेच आपलं, लेकीच्या घरी वाकडं द्यायचं नाही. उद्या जावई म्हणायला नको की दादाने गंजकी, हललेली मशीन गळ्यात मारली. दसरा आठवड्यावर आला होता. ऊन ऑक्टोबरचं, टिनाखाली जीव नकोसा करणारं. मी तपासायला बसलो.

आधी बेडवर, म्हणजे मशीनच्या आडव्या पाटावर, लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध. पाय कुठे खचले नव्हते. मग डोकं तपासायचं. त्यासाठी टेलस्टॉक मागे सारून ठेवतात. एक जाड, आखूड गज नुसता चकमध्ये धरायचा, मागून टेकू द्यायचा नाही, आणि अगदी हलका कट घ्यायचा. डोकं सरळ असेल तर गज दोन्ही टोकांना सारखा उतरतो. मी कट घेतला, मायक्रोमीटर लावला. चकजवळचं माप घेतलं, मग मोकळ्या टोकाचं घेतलं. सारखं. मला खरं वाटेना. चष्मा पुसून परत मोजलं, सारखंच. चष्मा काढून मोजलं तरी सारखंच. मशीनचं डोकं ठीक होतं, डोळे ठीक होते, हात ठीक होता! मी बायकोला हाका मारून बोलावलं आणि तो गज तिच्या हातात दिला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "किती दिसानं हसले तुमी."

मग लोडशेडिंगची वेळ झाली, वीज गेली. पुढच्या तपासणीला वीज लागत नव्हती. टेलस्टॉक पुढे आणला, दोन्ही सेंटरं लावली, टोकाला टोक भिडवलं आणि मध्ये दाढीचं पातं धरलं. पात्याने मान टाकली. बाजूने नव्हे. वरून खाली. टेलस्टॉकचं टोक चांगलं खाली बसलं होतं. बाजूची चूक स्क्रू फिरवून काढता येते, मी दोन वर्षं तेच करत होतो. उंचीची चूक अशी येत नाही. बैठक झिजून एवढी उंची जायला आयुष्य जातं. आणि मी तर मध्ये पितळेची पत्री घातली होती.

टेलस्टॉक उतरवायचं ठरवलं. ते धूड एकट्याने उचलत नाही. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने बायकोने पदर खोचून धरलं, आणि जमिनीवर पोत्यावर ठेवलं. बोल्ट काढून बैठक आणि धड वेगळं केलं. पितळेची पत्री नव्हती. तिच्या जागी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, दुमडून घातलेला होता. बैठकीचा तळ घासून इतका गेलेला की ती जमिनीवर ठेवल्या ठेवल्या डुलत होती. चाक माझं होतं, पकडायची लिव्हर माझी होती. रोज हाताला लागणारे तेवढे भाग काढून दुसऱ्या धडाला बसवले होते, आणि वरून सगळ्या मशीनला एकसारखा रंग. माझा टेलस्टॉक हिंगणघाटला होता. मी कावीळ होऊन पडलो असताना तो गेला होता.

मला आधी काय आठवलं असेल तर तो चष्मा. वस्तू नेली असती, मागून नेली असती, चोरून नेली असती, तरी मी एक वेळ गिळलं असतं. पण दर महिन्याला माझ्या समोर बसून माझा जॉब हातात फिरवायचा, च्यक् च्यक् करायचं, आणि मला सांगायचं की डोळे तपासून घ्या? माझ्याच हातावरचा माझा विश्वास काढून घेतला होता या माणसाने. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी तापलो. "जवाईबुवांना आत्ताच्या आत्ता जाऊन जाब विचारतो," म्हणत खुंटीवरचा सदरा ओढला.

"अजूनबी जवाईबुवाच?" बायको म्हणाली.

संतापातही मला त्यांना एकेरी म्हणता येत नव्हतं. बायकोने सदरा माझ्या हातातून काढून घेतला. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं, तिला बोलायचा पुरा हक्क होता. पण ती एवढंच म्हणाली, "तुमच्या बहिनीचं घर हाय ते. तिले तिथं राह्यचं हाय."

मी खाली बसलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. जावयाला चोर म्हटलं तर बहिणीला त्याच घरात चोराची बायको म्हणून राहावं लागणार. तिला बिचारीला काय माहीत? ती भोळी, तिने मला दवाखान्यात डबे पाठवले होते. मी ठरवलं, गप्प राहायचं. तिला यातलं काही कळता कामा नये. मशीन देणार नाही, कारण विचारलं तर काहीतरी सांगेन, पण तोंड उघडणार नाही. असं ठरवल्यावर जरा शांत वाटलं. कोणासाठी तरी सोसतोय म्हटलं की बरं वाटतं माणसाला.

टेलस्टॉक परत चढवायचा म्हणून बायकोने आणि मी तो धरला. "जड हाय बाप्पा," ती धापा टाकत म्हणाली, "जवाईबुवायनं एकट्यानं कसा उतरवला असन?" माझं लक्ष धडाच्या मागच्या अंगाकडे गेलं होतं.

तिथे कुंकू होतं. दोन वर्षांपूर्वी ते बघून मी रडलो होतो. पण टेलस्टॉक माझा नव्हता, मग त्यावर आईचं कुंकू कुठून येणार? मी नखाने खरवडलं. आईच्या थराला खिळ्यानेही ओरखडा उठला नसता. हे नखाने निघालं. खाली ना हळदीचा पिवळा थर, ना जुनं तेल. तेलात कालवून एकदाच लावलेलं कुंकू. आणि हिरवा रंग त्या ठिपक्यांना वळसा घालून गेला होता. म्हणजे कुंकू आधी, रंग नंतर. रंगवायच्या आधी कोणीतरी मुद्दाम त्या जागी पाच ठिपके दिले होते, मला सगळं जुनंच वाटावं म्हणून. आईची जागा भिंतीकडची, अंधारातली. जावई तिथे कधी वाकले नव्हते. ती जागा आई, बहीण आणि आम्ही नवरा-बायको यांनाच माहीत होती. आई वारली होती, आणि आम्ही दोघं तेव्हा दवाखान्यात होतो. ठिपके एका ओळीत होते. मधला मोठा होता.

बायकोनेही पाहिलं. "ठेवा खाली," ती म्हणाली. आम्ही ते धूड परत पोत्यावर ठेवलं. त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.

दसऱ्याला मी आपट्याची पानं खिशात घालून हिंगणघाटची बस धरली. का गेलो ते मला नीट सांगता येत नाही. सणाला बहिणीकडे जातात म्हणून गेलो. आणि अजून कुठेतरी मनात होतं की आपलं चुकलं असेल. जावई आपल्या वर्कशॉपमध्ये होते. मशीनला झेंडूचा हार, त्यांच्या कपाळाला टिळा. "या दादा, या! मुहूर्ताचं बोलून घेऊ," म्हणाले. मी सोनं दिलं, त्यांनी मिठी मारली. मग ते पेढे आणायला घरात गेले आणि मी मशीनच्या मागे वळसा घातला.

आईचं कुंकू तिथे होतं. लाखेसारखं, काळपट, टणक. त्यावर आजचे पाच ठिपके अजून ओले होते. मी बोट लावलं. एवढी वर्षं मी त्या थराला कधी हात लावला नव्हता, आईचा कायदा होता. मागे बांगड्या वाजल्या. बहीण पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिने मला वाकलेलं पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"आईचं कुंकू मी पुसू नाई देल्लं दादा," ती म्हणाली. "हे इथल्या साऱ्या मशीनले रंग मारत होते. मी म्हन्लं, तेवढं सोडा."

"तुले सारं मालूम होतं?"

तिने ताट मशीनच्या बेडवर ठेवलं. "यायचा टेलस्टॉक कामातून गेलता. जिनिंग मिलचं काम हातचं जात होतं. तुह्यं काय, दादा, तुह्या हातात कला हाय. मले वाटलं, तू कशावरबी काम करून घेशीन. यायले नाई जमत."

तिचं ते खोटं नव्हतं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि म्हणून जास्त लागलं. मी विचारलं, "अन् चष्मा? मी चष्मा लावून बसत होतो तवा?"

खाली वाकून तिने माझ्या पायांना हात लावला. खिशात उरलेली पानं मी तिच्या हातात ठेवली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "सोन्यासारखी राहा."

जावई पेढे घेऊन आले. "मंग दादा, मशीन कधी आनाची?"

"नाई देत," मी म्हणालो. "वाकडी हाय. लेकीच्या घरी वाकडं देत नाई आमी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बहिणीकडे पाहिलं. ती ताटातली हळद बोटाने सारखी करत होती.

दिवाळीच्या आत मी दुकान बंद केलं आणि छपरी परत उघडली. चष्मा बायकोने कुठेतरी ठेवून दिला आहे. तो डुलणारा टेलस्टॉक अजून पोत्यावरच पडला आहे, मी तो चढवला नाही. नुसत्या चकमध्ये धरून होतील तेवढीच, आखूड कामं घेतो. बुश करतो, पुली करतो, नट करतो. ती चोख होतात, भाजीवाले परत यायला लागले आहेत. कोणी लांब शाफ्ट घेऊन आला की त्याला हिंगणघाटला बहिणीकडे पाठवतो.

परवा एक जण शंका काढत होता. "तिथं बरोबर होईन ना, भाऊ? लंबा जॉब हाय, टेपर नको."

"जा बिनधास्त," मी म्हणालो. "सेंटर मी जुळवलं हाय तिथलं."